माणसावर माणूस

आमच्या दाजींना सोफा चालत नसे. सोफ्यावर माणूस पसरतो आणि पसरलेल्या माणसाला समोरचं नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं घरात चांगला सोफा असूनही ते ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची आत आणत, टीव्हीपुढं मांडत, चष्म्याची दोरी मानेमागं सारखी करत, आणि मग व्हिडिओ गेमचा काळा रिमोट दोन्ही हातांत धरून अमेरिकेतला फुटबॉल खेळत. वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. आख्ख्या उमरग्यात हा खेळ खेळणारे ते एकटेच असावेत. दुसरा मी, असं म्हणता आलं असतं; पण मला खेळताना ज्यांनी पाहिलंय ते तसं म्हणू देणार नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात त्यांची उभी हयात गेली. गाडीत माल काय भरला, ताडपत्री बांधली का, हे बाकीचे बघत. दाजी ड्रायव्हर बघत. झोपला कधी, जेवला काय, घरी भांडून तर आला नाही, एवढं विचारल्याशिवाय हातात कागद देत नसत. मालक एकदा म्हणाला, तुम्ही गाडी सोडताय का सोयरीक जुळवताय? दाजी म्हणाले, "गाडी काय आपल्या पायानं जात न्हाय मालक."

मला ते 'पाव्हणं' म्हणत. मी त्याच गावात, बसस्टँडच्या पलीकडं राहणारा, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारा. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडं पोहे खायला जाणारा. इतक्या वर्षांत पाव्हण्याचा घरचा माणूस काही झालो नाही. मेव्हणा घरचा झाला की उधळतो, असं ते अक्काला सांगत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्यांची खरी ओळख मला माझ्या लेकीच्या लग्नात झाली. वऱ्हाड ढोकीचं. ऊसवाली मंडळी, मनानं मोठी, पण मानपानाला नाजूक. नवरदेवाच्या मामांची तर रुसण्याबद्दल पंचक्रोशीत ख्याती होती. कुठल्याशा लग्नात पापड मोडका वाढला म्हणून ते भरल्या ताटावरून उठले होते आणि त्यांच्यामागं निम्मी पंगत. मी हबकून गेलो होतो. माझ्या डोक्यात आपलं एकच: मंडपाचे कोपरे वाटून घेऊ. चुलत्यानं दार सांभाळावं, शेजाऱ्यांनी पंगत, मी स्टेज.

दाजींनी ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "कोपरे काय रुसतेत व्हय पाव्हणं? रुसणारी माणसं हाईत. त्यांच्यावर माणूस लावा."

आणि त्यांनी खरंच तसं लावलं. नवरदेवाच्या आत्याचे यजमान सारखे उठबस करणारे, त्यांच्यावर चपळ पुतण्या. एक आजोबा कानानं अधू, त्यांच्यावर दणदणीत आवाजाचा शेजारी. ज्याचा जसा वकूब त्याला तसा माणूस. माझ्या वाट्याला ते पापडवाले मामा आले. मी मुलीचा बाप, मला स्टेजवर काम असणार, असं म्हणून बघितलं. दाजी म्हणाले, मुलीच्या बापानं कुणाला विचारलं तर त्याला जास्त वजन येतं. आणि तसंही स्टेजवर तुमचा काही उपयोग होत नाही.

मी मामांच्या मागं लागलो ते सावलीसारखा. ते थुंकायला उठले, मी उठलो. ते मंडपामागं गेले, मी अदबीनं जरा अंतर राखून तांब्या धरून उभा. शेवटी मामाच दाजींकडं गेले आणि हात जोडून म्हणाले, तुमचे मेव्हणे लई सज्जन हाईत, पण घटकाभर त्यांना दुसरीकडं धाडा. रुसायला मात्र त्यांना फुरसत मिळाली नाही.

घोटाळा वेगळाच झाला. सगळे आपापल्या माणसामागं, आणि नवरदेवाकडं कुणाचंच लक्ष नाही. तो बिचारा मुंडावळ्या सावरत स्टेजवर एकटा बसलेला, सकाळपासून पोटात काही नाही. मला ते कळलं तेव्हा मी धावत गेलो. तिथं अक्का आधीच बसलेली होती. एका हातानं त्याचा हार बाजूला धरून दुसऱ्या हातानं त्याला शिरा भरवत होती. तिला दाजींनी कुणावरच लावलं नव्हतं. मी नंतर विचारलं, अक्काला कसं काय विसरलात? तर म्हणाले, विसरलो न्हाय, तिला मोकळीच ठेवतो मी. आपलं जिथं फाटतं तिथं ती आपल्या आधी पोचलेली असती.

अक्का वारली ती सोलापूरला, दवाखान्यात. पावसाळ्याच्या शेवटाला. ते मी इथं फार सांगणार नाही, आणि सांगायला बसलो तरी काही आठवेल असं नाही. जिन्यातला फिनेलचा वास आठवतो. मेडिकलच्या काउंटरवर एक माणूस कंगव्यानं केस विंचरत होता, तो आठवतो. बाकी पांढरं. तिथंही दाजींनी कामं वाटून दिलेली होती. मी औषधं आणायची. माझ्या बायकोनं डबा आणि भेटायला येणारे बघायचे. त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत. त्यानं फोनवरून रिपोर्टचं डॉक्टरांशी बोलायचं. आणि मोठे डॉक्टर राउंडला आले की दाजींनी स्वतः त्यांच्या मागं जायचं, कारण मोठे डॉक्टर चालता चालताच काय ते सांगत. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

निखिल पोचला तोवर सगळं उरकलं होतं. त्यानं डोकं भादरलं, तेराव्यापर्यंत सतरंजीवर झोपला आणि परत गेला. आईबद्दल तो वडलांना काही विचारू शकला नाही, वडील त्याला काही सांगू शकले नाहीत. मी रविवारी जायचो तेव्हा त्याचा फोन यायचा. जेवलात? जेवलो. गोळी? घेतली. मग दोन्हीकडून नुसता श्वास. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. ट्रॅक्टरच्या जाहिराती मला त्या दिवसांत तोंडपाठ झाल्या होत्या. कधीतरी निखिल म्हणायचा, पप्पा, इकडं या राहायला. दाजी म्हणायचे, बघू. तेवढ्यावर फोन संपायचा. मग तो मला वेगळा फोन करून सांगायचा, मामा, तुम्ही समजवा, एकटे कसे राहतील ते? मी दाजींना समजवायला तोंड उघडलं की दाजी म्हणायचे, पोहे गार होतेत. पोह्यांपुढं माझा युक्तिवाद कधीच टिकला नाही.

तो खेळाचा डबा निखिलनं आदल्या दिवाळीत स्वतःसाठी आणला होता. जाताना तो शोकेसवर राहिला, त्यावर अक्कानं क्रोशाचा रुमाल घातलेला. एका रविवारी बोलणं असंच आटलं, तेव्हा निखिल म्हणाला, पप्पा, तो डबा टीव्हीला लावता का? मी सांगतो कसा ते. दाजींनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वायरी जोडायला बसले.

माझी समजूत अशी की फुटबॉल म्हणजे पायानं मारायचा गोल चेंडू. हा निघाला हातात धरून पळायचा. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. दाजी त्याला नारळच म्हणायचे. एक बाजू नारळ पुढं, शेवटच्या रेघेपार नेणार, दुसरी अडवणार. नारळवाल्या बाजूचा म्होरक्या मागं उभा राहतो आणि पुढं पळणाऱ्या आपल्या गड्यांपैकी एखाद्याकडं फेकतो. दाजी त्या म्होरक्याला 'मालक' म्हणत. पळणाऱ्यांची नावंही त्यांनीच ठेवली. एक उंच होता, तो लाईटचा खांब. एक कुठंच न थांबता सुसाट जायचा, त्याचं नाव खाजगी बस. निखिलला ही नावं इतकी सवयीची झाली की पुढं तोही म्हणू लागला, पप्पा, आज तुमच्याकडं खांब न्हाय का?

आमची रविवारची सकाळ म्हणजे त्याच्याकडची शनिवारची संध्याकाळ. हे मला दर वेळी बोटांवर मोजावं लागायचं. मुलांना आयुष्यभर रेखावृत्तं शिकवल्याचा एवढा फायदा झाला. फोन स्पीकरवर करून स्टुलावर ठेवायचा, आणि त्या दोघांनी आठ-दहा हजार मैलांवरून एकमेकांशी झुंजायचं.

अडवण्याच्या दोन रीती आहेत, असं निखिलनं पहिल्या दिवशी सांगितलं. एक, प्रत्येकानं आपापली जागा राखायची. तिथं येईल त्याला धरायचं. दुसरी, प्रत्येकानं समोरचा एक माणूस धरायचा आणि तो जाईल तिथं जायचं. नवख्यानं पहिली घ्यावी, ती सोपी. दाजी म्हणाले, "जागा धरून काय करू? जागा पळती का कुठं?" त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी दुसरी रीत सोडली नाही.

आणि ते तिच्यात तरबेज झाले. डाव सुरू व्हायच्या आधी ते रांगेतला प्रत्येक गडी बघून घेत. खाजगी बस डावीकडं उभी असेल तर आपला सगळ्यात चपळ पोरगा तिच्यासमोर आणून लावत. खांबावर उंच. नारळ सुटायच्या क्षणालाच आपल्या गड्यानं समोरच्याला छातीशी भिडावं असं बटण होतं, ते दाबत. म्हणत, सुरुवातीला अडखळला की पुढं त्याचा मेळ बसत न्हाय. पण भिडताना आपलाच गडी निसटला तर पुढं रान मोकळं, हेही त्यांना ठाऊक. म्हणून खाजगी बसला ते कधी भिडत नसत, तिच्यावरचा पोरगा दोन पावलं मागं ठेवत. निखिलचे दोन गडी एकमेकांना आडवे जाऊ लागले की आपले दोघं पाठलाग करताना एकमेकांवर आदळतात, हे त्यांनी दोन रविवार मार खाऊन ओळखलं. मग तसा डाव दिसला की मधल्या गड्याला आधीच त्या वाटेत नेऊन उभं करायचे.

सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी मला सांगितली ती ही, की पाठलाग करणारा गडी आपण स्वतः घ्यायचा नाही. मशीन त्याला नेतं, त्याला जाऊ द्यावं. आपण मधला घ्यावा आणि मालकाच्या नजरेच्या वाटेत उभं राहावं. मला हे पटायचं, पण बटण दाबायची वेळ आली की मी खाजगी बसवरचाच पोरगा पकडायचो आणि त्याला भलत्याच दिशेला पळवत रेघेबाहेर न्यायचो. निखिल तिकडून विचारायचा, मामा, कुठं निघालात? दाजी सांगायचे, त्यांना लातूरची गाडी गाठायचीय.

या रीतीत एक खोट आहे. प्रत्येकजण आपल्या माणसाकडं बघत पळतो, त्यामुळं सगळ्यांच्या पाठी मालकाकडं. मालकानं नारळ फेकायच्या ऐवजी स्वतःच पळायचं ठरवलं तर त्याला बघायला कुणी नसतं. त्यावर दाजींनी उपाय केला, एक माणूस नुसता मालकावर. दुसरी खोट अशी की एखादा आपल्या माणसाच्या हातून निसटला तर त्याच्यामागं कुणीच उरत नाही. त्यावरही उपाय होता. डाव निवडताना पडद्यावर छोटी छोटी चित्रं येत. एका चित्रात सगळ्यांच्या मागं एक ठिपका एकटा उभा असायचा. त्याला कुणाच्याच मागं पळायचं नाही. जिथं फाटेल तिथं जायचं.

ते चित्र दाजी कधी घेत नसत. पहिल्यांदा मला वाटलं, नीट दिसत नसेल. मी बोट दाखवलं तर म्हणाले, बघितलंय. आणि पुढचं चित्र घेतलं, ज्यात मागची जागा रिकामी. निखिलनं किती वेळा सांगितलं. दाजी बरेचदा जिंकत आलेले असायचे, आणि शेवटी एकच लांब फेक त्यांना घालवायची. हरल्यावर ते रिमोट स्टुलावर ठेवत, चष्मा पुसत, आणि म्हणत, चांगला फेकला.

असं वर्षभर चाललं असेल. बाहेर लोकांना वाटायचं, दाजी सावरले. मलाही वाटायचं. पण मी कधी अवेळी गेलो तर ते त्याच खुर्चीत, बंद टीव्हीपुढं बसलेले असत. विचारलं तर सांगत, काय न्हाय, बसलोय. आणि तसंच होतं. ते काही बघत नव्हते, काही आठवतही नव्हते. मी शेजारी सोफ्यावर बसायचो. आम्ही दोघं मिळून काहीच करत नसू.

मग तो रविवार. दाजी पुढं होते, शेवटचा डाव उरलेला. निखिलच्या हातात नारळ, आणि शेवटची रेघ लांब. दाजींनी माणसं लावली. खांबावर उंच पोरगा, मालकावर एक, मधे स्वतः. मागं कुणी नाही. निखिलनं फेकलं. खाजगी बस तिच्यावरच्या पोराला अर्धं पाऊल चुकवून पुढं गेली, नारळ तिच्या हातात आला, आणि तिथून रेघेपर्यंत सगळं मोकळं. तिला कुणी हात लावायलाही नव्हतं.

निखिलला आनंद झाल्याचं ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "पप्पा, एक माणूस मागं ठेवत जावा की. का ठेवत न्हाय?"

"कुणाला ठेवू?" दाजी म्हणाले. "तुझी आई असायची मागं."

टीव्हीतली माणसं अजून ओरडत होती. मी आवाज कमी करायला उठलो आणि चुकून वाढवला. मग बंदच केला.

निखिलनं विचारलं. त्यानं ते किती महिने तोंडात धरलं होतं कोण जाणे. "त्या दिवशी आईजवळ कोण होतं?"

दाजींनी सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. ट्रान्सपोर्टात गाडीचा नंबर सांगावा तसं. "मामा मेडिकलला. मामी डब्याला. तू लाईनवर. मी डॉक्टरच्या मागं, जिन्यात. म्याच लावली होती माणसं. तिच्यावर कुणीच न्हवतं निखिल."

"मला वाटलं, तुम्ही होता."

"न्हाय."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता फोन ठेवतील, आणि ह्यांचं हेही एक संपलं. रविवारची सकाळ गेली तर ह्यांना एकमेकांशी बोलायला पुन्हा गोळीच उरणार होती.

मग निखिल म्हणाला, "आता तुमच्यावर कोण हाय पप्पा?"

दाजींनी इकडंतिकडं बघितलं. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "पाव्हणं हाईत की."

"मामांना रिमोट धरता येत न्हाय."

दाजी हसले. अक्का गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि माझ्या खर्चानं का होईना, मला बरं वाटलं. हसणं सरल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला.

"काढ तिकीट," ते म्हणाले.

ते गेले. तिकडं दीड हिवाळा राहिले. फोनवर मला बर्फाचं वर्णन करून सांगत आणि विचारत, तुम्ही पोरांना हेच शिकवता का पाव्हणं, का आणखी काही? निखिलबरोबर एकाच सोफ्यावर बसून खेळतात, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. सोफ्यावर म्हणाली. मी दोनदा विचारून घेतलं. मागं एक माणूस ठेवू लागलेत का, हे मात्र मला विचारवलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात निखिलचा फोन आला, आमच्याकडं दुपार. त्यानं काय झालं ते आधी सांगितलं नाही. आधी म्हणाला, "मामा, मी जवळ होतो." मग म्हणाला, "हात माझ्या हातात होता." मला बाकीचं कळलं. मी बरं म्हणालो. जेवलास का असं विचारलं. तो नाही म्हणाला. मी म्हणालो, जेव. रडू मला आलं नाही, नंतरही आलं नाही. वर्गावर जायचं होतं, गेलो, आणि फळ्यावर वाऱ्याची दिशा उलटी काढली. मुलांनी ती तशीच उतरून घेतली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते हैदराबादला, विमानतळावर. पहाटे उमरग्यातून दाजींना घेऊन जीपनं निघालो होतो, मी, माझी बायको आणि ड्रायव्हर. इंग्रजीची अडचण होऊ नये, कुठं चुकू नयेत, म्हणून निखिलनं त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. ढेंगा टाकत चालणारा माणूस. मला वाटलं, चिडतील. ते निमूट बसले. पाय कुठं ठेवायचे ते विचारलं, बॅग मांडीवर घेतली. निळ्या गणवेशातली एक पोरगी खुर्ची ढकलायला आली, तेलुगू बोलणारी. दाजींनी तिला त्यांच्या हिंदीत विचारलं, बेटा, सकाळपासून काही खाल्लं का? तिनं मान हलवली, ती होकाराची का नकाराची मला कळली नाही. मग ती निघाली.

काचेच्या दारापाशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, काहीतरी सांगितलं. तिनं खुर्ची आख्खी फिरवून आमच्याकडं तोंड करून उभी केली. दाजींनी हात हलवला नाही. डावाच्या आधी गडी बघून घेत तसं माझ्या बायकोकडं बघितलं, थोडा वेळ. मग ड्रायव्हरकडं, तो जांभई देत होता, ती संपेपर्यंत. मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. मग त्या पोरीला मानेनं खूण केली, आणि तिनं खुर्ची पुन्हा वळवली.